सरासरीची लेन्स

"पंच्याऐंशी," जेवायला बसता बसता मी जाहीर केलं.

"वरचा की खालचा?" निरंजनने विचारलं. त्याच्या कारखान्यात नुकतंच रक्तदाब तपासणीचं शिबिर झालं होतं, आणि कुठलाही आकडा ऐकला की त्याला तेच सुचत होतं.

"रक्तदाब नाही रे. लेन्स. मला कोणती लेन्स हवी ते आज सापडलं. पंच्याऐंशी मिलिमीटर."

आई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. आई म्हणजे निरंजनची आई, माझ्या सासूबाई. "आधी वांगं घ्या," त्या म्हणाल्या. "मिलिमीटर मग."

ही कराडची गोष्ट. आमचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी तिथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते, आणि शिकवण्यासाठी लागतो म्हणून कॅमेरा घेतला होता. खडकांचे थर, विहिरींच्या कडा, रस्त्यासाठी फोडलेले डोंगर, आणि प्रमाण कळावं म्हणून खडकाला टेकवलेला हातोडा, नाहीतर एखादा विद्यार्थी. कॅमेरा घरी आला त्या दिवशी आईंनी तो लांबूनच पाहिला होता.

"दगडांचे फोटो काढायला एवढा मोठा कॅमेरा? दगड काय पळून जाणार आहेत?"

निरंजन हसला होता, मीही हसले होते, आणि तो विषय तिथेच संपला होता. आमच्या दोघींमध्ये विषय असेच संपायचे. भांडण नव्हतं. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत, मी त्यांना कधी उलटून बोलले नाही. एकमेकींना अगदी जपून वाढत होतो, इतकंच. पाहुण्यांना वाढतात तसं.

"पंच्याऐंशीच का?" निरंजनने वांग्याच्या देठाशी झटापट करत विचारलं.

मी समजावून सांगितलं. समजावून सांगायची मला सवयच आहे. आमच्या कॅमेऱ्यावरच्या लेन्सची रिंग फिरवली की अठरापासून दोनशेपर्यंत जाता यायचं. आकडा लहान ठेवला तर अख्खं अंगण मावायचं, मोठा केला तर पलीकडच्या झाडावरचा कावळा पुढ्यात यायचा. पण एकाच लेन्सवर सगळी कामं टाकली की ती प्रत्येक काम जेमतेम करते. विहिरीत, कड्याच्या सावलीत, जिथे उजेड कमी तिथे माझे फोटो धुरकट येत. एकाच आकड्याची लेन्स घेतली तर फोटो लख्ख येतात. मात्र तिची रिंग फिरवून जवळ-लांब करता येत नाही, म्हणून तो एक आकडा विचारपूर्वक निवडावा लागतो.

"आणि तो कसा निवडायचा? तर आपला हात आपोआप कुठल्या आकड्यावर जातो ते बघून. प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा आकडा नोंदवून ठेवतो. मी वर्षभरातल्या सगळ्या फोटोंचे आकडे काढले आणि सरासरी घेतली. पंच्याऐंशी आली."

"म्हणजे तू पंच्याऐंशीची बाई आहेस."

"असं म्हणता येईल."

"मग पंच्याऐंशीवर काढलेला एखादा फोटो दाखव की," निरंजन म्हणाला. "बघू तरी, तू कशी आहेस ती."

साधी मागणी होती. जेवण झाल्यावर मी संगणक लावला आणि पंच्याऐंशीवरचे फोटो शोधले. एकही नव्हता. ऐंशीवर नव्हता, नव्वदवर नव्हता. निरंजन माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून उभा होता. त्याने काहीही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला, पण खुर्ची हसण्याने हलत होती.

"जा तू, मॅच बघ," मी म्हटलं.

तो गेला. मी सरासरी पुसली आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं, आलेख काढला. त्यात दोन उंचवटे आले. एक पस्तिसाच्या आसपास, मोठा. दुसरा थेट दोनशेवर, त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. मध्ये सपाट मैदान.

दरवर्षी मी मुलांना प्रीतिसंगमावर घेऊन जाते. कोयना आणि कृष्णा भेटतात तिथली वाळू आम्ही गोळा करतो, चाळणीवर चाळणी ठेवून कण मोजतो आणि आलेख काढतो. दरवर्षी मी तेच वाक्य सांगते. आलेखाला दोन उंचवटे आले तर सरासरी काढायची नाही, वाळू दोन नद्यांनी आणली आहे असं समजायचं. हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलं होतं, की स्वतः ऐकायची राहूनच गेले होते.

पस्तीस मी होते, यात शंका नव्हती. खडकाच्या जवळ जाऊन, दोन पावलं मागे घेऊन मी फोटो काढते. मग दोनशे कोण?

मी दोनशेवरचे फोटो उघडले.

एकही खडक नव्हता. मुली होत्या. मरून चड्डी आणि पांढरा शर्ट घातलेल्या, खो-खो खेळणाऱ्या मुली. आमच्या घराच्या मागे मुलींच्या शाळेचं मैदान होतं. मागच्या गॅलरीतून ते पूर्ण दिसायचं, आणि संध्याकाळी तिथून शिट्ट्या ऐकू यायच्या, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. इथे एक मुलगी खुंटाला वळसा घालताना एका हातावर लोंबकळली होती. दुसरीने हूल दिली होती, आणि पाठलाग करणारी भलत्याच दिशेला झुकून फसली होती. एका फोटोत उंच, सडपातळ मुलगी सूर मारून हवेत आडवी झाली होती. जमीन तिच्या पोटाखाली वीतभर होती, आणि पुढे पसरलेली बोटं पळणारीच्या टाचेला लागणार की नाही, ते कळत नव्हतं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. मला खो-खोतलं काही कळत नाही, पण मीही पडद्याकडे झुकले होते.

पहिले बरेच फोटो हललेले होते. पुढे पुढे सुधारत गेले होते. मी फील्डवरून आले की कार्ड संगणकात रिकामं करायचे आणि लागतील तेवढेच खडक उघडायचे, बाकीचं तसंच पडून राहायचं. कॅमेऱ्याची वरची चकती अधूनमधून धावणाऱ्या माणसाच्या चित्रावर, म्हणजे वेगाने हलणारं टिपायच्या खुणेवर, सापडायची. बॅगेत घासून फिरत असेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

फोटो सगळे दुपार कलल्यानंतरचे होते. त्या वेळी मी कॉलेजात असायची आणि निरंजन कारखान्यात. एका फोटोच्या कोपऱ्यात, अगदी जवळ आल्यामुळे धूसर झालेली, लिंबाच्या रंगाची पट्टी होती. वाऱ्याने उडालेला पदर.

बाहेर निरंजन ओरडला, "आई, चहा टाकतेस का गं?" आणि आतून आईंचं नेहमीच्या शांत आवाजात उत्तर आलं, "आता जेवलास ना रे?"

मी संगणक बंद केला. 

एक अडचण आधीच होऊन बसली होती. नवी लेन्स घ्यायची तर जुनी बदल्यात द्यायची, असं कोल्हापूरच्या दुकानदाराशी ठरलं होतं. निरंजनबरोबर काम करणारे घोरपडे शनिवारी सकाळी कोल्हापूरला जाणार होते. ते जुनी लेन्स नेणार आणि नवी आणणार होते. म्हणजे मला माझी पस्तीस मिळाली, की आईंचं मैदान जाणार.

मी सरळ विचारू शकले असते. पण कसं विचारायचं? "तुम्ही माझा कॅमेरा घेता का?" या वाक्याला मी कितीही मऊ पंचा गुंडाळला तरी आत चोरी पकडल्याचा दगड राहणारच होता. मला वाटलं, त्यांनाच बोलायला वाव द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी शेजारी बसून मोडू लागले.

"आई, पंच्याऐंशीचा हिशेब चुकला माझा. मी पस्तीसची लेन्स मागवतेय."

"बरं."

"जुनी शनिवारी जाईल."

त्यांच्या बोटांत शेंग होती, ती तशीच राहिली. "त्या पस्तीसातून लांबचं दिसतं?"

"नाही. जवळ जावं लागतं."

"आणि जिथे जाता येत नसेल तिथलं?"

मी वाट पाहिली. त्यांनी शेंग मोडली, शिरा ओढून काढली आणि ताटलीच्या कडेला ठेवली. "तुझी वस्तू आहे. तुला सोयीचं ते घे." पुन्हा पाहुण्यांना वाढल्यासारखं.

शुक्रवारी माझा शेवटचा तास मी दुसऱ्या एका बाईंना दिला आणि घरी आले. किल्लीचा आवाज होऊ दिला नाही. स्वयंपाकघर रिकामं होतं, दुधावर झाकण होतं. मागच्या गॅलरीचं दार उघडं होतं.

आई कठड्यावर कोपरं रोवून उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा डोक्यावर, कॅमेरा डोळ्याला, डावा हात लेन्सखाली. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅमेरा धरायला शिकवते, तेव्हा असा हात एकाचाही नसतो. आणि त्या बोलत होत्या, दबक्या आवाजात, मैदानाशी.

"थांब... थांब गं तनया... हूल देतेय ती... उठू नकोस आधी, खो मिळू दे... आता! मार सूर!"

कॅमेरा खटखटला. मैदानावर धुरळा उठला, शिट्टी वाजली. आईंनी मान वर केली आणि तशाच हसत वळल्या. मी दारात होते.

हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, त्यामागचा सगळा माणूस मात्र पळून गेला.

"मी," त्या म्हणाल्या, "धूळ पुसत होते जरा. कॅमेऱ्यावरची."

"दोनशेवर?"

त्यांनी लेन्सकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "धूळ लांब होती," त्या म्हणाल्या.

आधी कोण हसलं ते आता सांगता येणार नाही. पण मी दाराच्या चौकटीला धरून हसत होते, आणि त्या कॅमेरा पोटाशी घट्ट धरून, पडू नये म्हणून, कठड्याखाली बसून हसत होत्या. आम्ही एका घरात इतके दिवस राहत होतो आणि त्या अशा हसतात हे मला माहीत नव्हतं.

"तनया कोण?" मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले.

"ती उंच. खुंटाजवळची. उद्या संध्याकाळी तिचा अंतिम सामना आहे, इथेच. इस्लामपूरच्या मुली येणारेत." मग जरा थांबून, "मी इस्लामपूरची. शाळेच्या संघात होते. तुला बोलले नाही कधी."

"निरंजनला माहितीये?"

"त्याला काय, त्याला वाटतं मी जन्मले तीच भाकरी थापत." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तू रागावली नाहीस ना? म्हणजे तुला माहीतच होतं म्हणा. तू एवढं सगळं बघतेस, फोटो बघितलेच असशील. तू काही बोलली नाहीस, म्हणून मी काढत राहिले."

मला पटकन समजेना. "तुम्हाला वाटत होतं मी बघतेय?"

"मग? कॅमेऱ्यातून काढून तूच घेतेस ना? मी काढला की क्षणभर चमकतो आणि जातो. पुढे कुठे जातो ते तुलाच ठाऊक. मी रोज वाट बघायचे, आज बोलेल, उद्या बोलेल. विचारणार तरी कसं? दगडांवरून तुला एवढी टोचून बोलले होते." त्या आवाज सारखा करत म्हणाल्या, "मग म्हटलं, बरे येत नसतील. ही आपली जपून गप्प बसते."

मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि संगणकापुढे बसवलं. वर्षभराचे फोटो, ओळीने. पहिले हललेले आले तेव्हा त्या "शी" म्हणाल्या. मग म्हणेनाशा झाल्या. मुली धावत होत्या, वळत होत्या, पडत होत्या, उठून गुडघे झटकत होत्या. तनयाचा तो सूर आला तेव्हा आईंनी पडद्याला बोट लावलं, तिच्या पसरलेल्या बोटांच्या टोकाशी.

"लागला होता," त्या म्हणाल्या. "पंचांनी दिला नाही. पण लागला होता. हे बघ."

"बरे आलेत का?" मी विचारलं.

आईंना पदराने चष्मा पुसण्याचं काम निघालं होतं.

जेवताना मी जाहीर केलं, "लेन्स जाणार नाही."

"जाणार," आई म्हणाल्या. "अंधारात तुझे फोटो धुरकट येतात. तू म्हणालीस."

"दगड कुठे पळून जातायत?"

"माझंच मला ऐकवू नकोस. तुझं काम आहे ते. माझा विरंगुळा आहे."

"तुमचे फोटो माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"ते वेगळं," आई म्हणाल्या, आणि स्वतःच चपापल्या.

निरंजन पाण्याचा तांब्या हातात धरून एकदा आईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "आईचे फोटो? कसले फोटो? मला कुणी काही सांगणार आहे का?"

"भात घे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

सकाळी घोरपडे दारात आले तेव्हा आई माझ्याआधी तिथे होत्या. लेन्स त्यांनी काढून, जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून, दोरा बांधून तयार ठेवली होती. घोरपड्यांनी हात पुढे केला. मी मधूनच पुडकं घेतलं.

"घोरपडे, माफ करा. बेत बदलला."

"तिचं ऐकू नका, न्या तुम्ही," आई म्हणाल्या.

"आई, आज अंतिम सामना आहे."

त्या थांबल्या. घोरपडेही थांबले. त्यांना वाटलं असावं, हा काहीतरी घरगुती प्रकार आहे, यात माणसाने पडू नये. "मी गाडी वळवून घेतो," ते म्हणाले, आणि गाडी वळवून तसेच निघून गेले.

"आता तुझ्या पस्तीसाचं काय?" आई म्हणाल्या. त्या खरोखरच चिडल्या होत्या, आणि ते मला फार आवडलं. पाहुण्यांवर कोणी असं चिडत नाही.

"रिंग पस्तीसवर फिरवेन. उजेडात चालते ती. आणि आज आपण गॅलरीतून बघायचं नाही. खाली जायचं."

"मी? मैदानावर? कोण म्हणेल, ही म्हातारी कॅमेरा घेऊन कुठे निघाली!"

"म्हणू दे. त्यांना म्हणावं, धूळ पुसायला आलोय."

गेलो. संघाला शिकवणाऱ्या जगदाळे बाईंना मी आईंचे फोटो दाखवले. पाच-सहा कागदावर छापून नेले होते. बाईंनी ते पाहिले आणि काही न विचारता खुंटाच्या मागे, रेषेच्या बाहेर, दोन खुर्च्या मांडायला लावल्या. आई खुर्चीवर बसल्याच नाहीत. सामना सुरू होण्याआधी मी केस घट्ट बांधणाऱ्या, तळहातांना माती चोळणाऱ्या मुलींचे फोटो काढले, अगदी जवळ जाऊन. शिट्टी वाजली आणि मी कॅमेरा आईंच्या हातात दिला. त्यांनी रिंग सरसर फिरवली, चकती धावणाऱ्या माणसावर आणली. पुढचा सगळा वेळ मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. आपल्या मुली एका गड्याने जिंकल्या तेव्हा इस्लामपूरसाठीही त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मुलींना सगळ्या संघाचा फोटो हवा होता. "आजी, तुम्ही पण!" म्हणत तनयाने त्यांना ओढलं. मुली मैदानावरच्या आपापल्या चौकोनांत ओळीने बसल्या, दोन्ही हात जमिनीला टेकून, खेळताना बसतात तशा. खुंटाशेजारच्या चौकोनात आई बसल्या. गुडघा कुरकुरला असेल, पण चेहऱ्याने तसं सांगितलं नाही. मी पस्तीसवर आले, दोन पावलं मागे घेतली आणि पाहिलं, तर मला आईंची पाठच दिसत होती.

"आई, इकडे तोंड करा!"

"नाही करायचं," पाठीकडून उत्तर आलं. "खो-खोत एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. माझी जागा तिकडची आहे. तूच ये फिरून."

मुली खदखदल्या. मी खुंटाला वळसा घालून पलीकडे गेले. जवळ गेले, आणखी जवळ. आता आई पूर्ण दिसत होत्या. पदर खोचलेला, बोटं मातीत, एक टाच उचललेली, नजर समोर. मी श्वास रोखला आणि बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात तनयाने मागून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"खो!"

आणि आई उठल्या.

तो फोटो आमच्या घरात मोठा करून लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा कसला फोटो? त्यात मुलींची एक ओळ आहे, खुंटाशेजारी मातीत उमटलेल्या दहा बोटांचा एक रिकामा चौकोन आहे, आणि सगळ्या मुली माना वळवून, तोंड फाडून हसत, एकाच दिशेला बघत आहेत.